उशिरा उडी मारणारा पोस्टमन

माझा नवरा मर्विन टीव्हीच्या मागे डोकं घालून बसला होता. बाहेर फक्त त्याची पाठ आणि पायमोजे दिसत होते. मी स्वयंपाकघरातून विचारलं, "चहा तिकडे आणून देऊ, की बाहेर येणार आहेस?"

"आता काय दिसतंय?" तो आतून म्हणाला.

"तुझं बूड."

"पडद्यावर गं."

"मुंग्या."

"मघाच्याच मुंग्या की वेगळ्या?"

आता मुंग्यांच्या जाती ओळखायला मी कधी शिकले होते? पण लग्नाला इतकी वर्षं झाली की असल्या प्रश्नांना उत्तर द्यायचं असतं हे कळतं. मी ओले हात पुसत बाहेर आले, नीट बघितलं आणि म्हणाले, "मघाच्या उभ्या होत्या. या तिरक्या चालल्यात."

"तिरक्या," तो समाधानाने म्हणाला. "म्हणजे जवळ आलो."

टीव्हीला जोडलेला तो छोटा काळा कॉम्प्युटर आमचा एड्रियन सात वर्षांचा असताना घरात आला होता. पाव भाजायच्या ट्रेपेक्षा लहान, वर राखाडी रबराची बटणं. नाव अभ्यासाचं होतं. एड्रियनने आठवडाभर त्याच्यावर पाढे केले आणि मग फुटबॉल खेळायला निघून गेला. त्यानंतर कित्येक वर्षं रोज संध्याकाळी त्या कॉम्प्युटरसमोर बसला तो त्याचा बाप. एकच खेळ, पोस्टमनचा. पोस्टमन रस्त्याने चालतो, वाटेत कुत्री असतात, त्यांच्यावरून उड्या मारायच्या. मोठ्या माणसाने असलं खेळू नये असं मी तेव्हा म्हणत असे. दारू पिण्यापेक्षा बरं, असंही म्हणत असे.

मग कॉम्प्युटर माळ्यावर गेला, मर्विन निवृत्त झाला, आणि या वसंतात एके सकाळी उकडलेलं अंडं फोडता फोडता तो म्हणाला, "तो पोस्टमन खाली काढतो."

"कशाला?"

"तिसऱ्या कुत्र्यावरून उडी जमली तर माझे हात शाबूत आहेत. नाही जमली तर थोरली टॅमसिनला देऊन टाकतो."

"त्यासाठी डॉक्टर असतात."

"डॉक्टरकडे कुत्री नाहीत," तो म्हणाला आणि अंड्यावर मीठ घातलं.

थोरली म्हणजे आमच्या चर्चच्या मनोऱ्यातली सगळ्यांत मोठी घंटा, आणि टॅमसिन म्हणजे तिच्या शेजारची सातवी वाजवणारी पोरगी. एकूण आठ घंटा, आठ माणसं, आठ दोर. धाकटीपासून सुरू करून एकीमागून एक ठोके पडत जातात आणि प्रत्येक ओळ थोरलीच्या ठोक्यावर संपते. आमच्या डेव्हन परगण्यात घंटा वाजवणाऱ्यांना फार करामती करायच्या नसतात. ठोके फक्त सारख्या अंतराने पडले पाहिजेत, माळेतल्या मण्यांसारखे. पण त्या सारखेपणासाठी ही माणसं आयुष्य घालवतात. थोरली केसभर मागे पडली तरी सगळी ओळ लंगडते, आणि खाली रस्त्यावर कुत्रं फिरवणाऱ्या बाईलाही ते कळतं. चाळीसेक वर्षं थोरलीचा दोर मर्विनच्या हातात होता, आणि या हिवाळ्यापासून ती मागे पडायला लागली होती. सारखी नाही, अधूनमधून. मी ते माझ्या ओट्यापाशी उभी राहून ऐकलं होतं. मनोऱ्यात कोणी त्याला काही बोललं नव्हतं. आमचा म्होरक्या क्लेमंट वेस्टअवे, जो गाईंनासुद्धा शिव्या देतो, तो अशा वेळी आपल्या बुटांकडे बघायचा. मर्विनला तेच जास्त लागायचं. आणि शनिवारी ब्रॅकनस्टो गावात घंटा वाजवायची स्पर्धा होती.

तर ते चित्र. जुना खोक्यासारखा टीव्ही आम्ही कधीच भंगारात टाकला होता. आता भिंतभर रुंद आणि पाटीसारखा पातळ टीव्ही होता, एड्रियनने बापाच्या सत्तरीला आणून दिलेला. मर्विनने त्याला पोस्टमनचा कॉम्प्युटर जोडला तर टीव्ही म्हणाला, सिग्नल नाही. आपोआप शोधायला सांगितलं तर त्याने बायकांचे दागिने विकणारे, बोटींचे, स्वयंपाकाचे असे सगळे चॅनल शोधले, पण हाताच्या अंतरावरचा कॉम्प्युटर त्याला सापडेना. शेवटी ब्रिस्टलला एड्रियनला फोन लावला.

"डॅड, तो जुन्या पद्धतीचा शोध वेगळा असतो. सेटिंगमध्ये अगदी तळाशी जा. हाताने आकडे पुढे ढकलत राहा."

"किती ढकलू?"

"चित्र दिसेपर्यंत. आणि हे का करतोयस पण?"

"तुझी आई कंटाळली होती," मर्विन म्हणाला.

पुढचे दोन-तीन दिवस घरात शांतता होती. मला तो काळ आवडला, हे सांगायलाच हवं. हयातभर या माणसाने शेतकऱ्यांच्या गोठ्यातली दूध काढायची यंत्रं दुरुस्त केली. यंत्र बिघडलं की त्याचा चेहरा उजळतो. तो कधी ठोकाठोकी करत नाही. एक गोष्ट बदलतो, बघतो, परत जागेवर ठेवतो, मग दुसरी बदलतो. तारेच्या टोकाला हिरवट गंज चढला होता, तो त्याने खोडरबराने घासून काढला. मुंग्या कमी झाल्या. मग तार हलवली की चित्र जातंय हे कळलं, तर नवं टोक कापून बसवलं. अक्षरं आली, पण पाण्यात पडल्यासारखी हलत होती. मग ती स्थिर झाली, पण सगळं राखाडी. रंगांसाठी त्याने कॉम्प्युटर उघडला, आतला मळ माझ्या जुन्या दातांच्या ब्रशने झाडला आणि एक इवलासा स्क्रू इतका हळू फिरवला की मी श्वास रोखून बसले. लाल आला, मग निळा आला. गुणगुणत होता तो. दूरचा चष्मा कपाळावर, जवळचा नाकावर.

बुधवारी सकाळी टेपरेकॉर्डरमध्ये ती जुनी कॅसेट घातली. मांजराच्या शेपटीवर पाय दिल्यासारखा तो आवाज घरभर झाला, कडेने रंगीत पट्टे पळाले आणि पोस्टमन पडद्यावर उभा राहिला. जुन्या टीव्हीवर कधी दिसली नव्हती ती त्याच्या टोपीवरची पट्टीसुद्धा दिसत होती.

"झकास," मर्विन म्हणाला. "चित्रात आता काही दोष नाही."

आणि खेळायला बसला.

पहिल्या कुत्र्यावरून गेला. दुसऱ्याने कधी सोडलं, कधी धरलं. तिसऱ्याने प्रत्येक वेळी धरलं. मर्विनने बटण बदलून बघितलं, खुर्ची पुढे घेतली, चष्मा बदलला, कॉफी पिऊन बघितलं, कॉफी न पिता बघितलं. जेवण झाल्यावर पुन्हा बसला. तिसरा कुत्रा तसाच. गुणगुणणं कधी थांबलं ते माझ्या लक्षात आलं नाही. संध्याकाळी मी बागेतून आत आले तेव्हा तो फोनवर बोलत होता.

"शनिवारी थोरली टॅमसिनला दे, क्लेम. नाही, बरा आहे मी. हात मागे पडतायत. तुला ठाऊकच आहे." मग बराच वेळ तो नुसता ऐकत होता. "नाही, नाही. ठरलं."

फोन ठेवून तो म्हणाला, "कळलं ते बरं झालं."    त्या दोराशिवाय या माणसाच्या रविवारचं काय करायचं, हे मला ठाऊक नव्हतं.

गुरुवारी सरावाचा दिवस. स्पर्धेआधीचा शेवटचा. मी ब्रॅकनस्टोच्या चहापाण्यासाठी स्कोनचं, म्हणजे छोट्या गोडसर पावांचं, पीठ मळत होते. कोणी घंटा वाजवो न वाजवो, स्कोन लागतातच. आणि बाहेरच्या खोलीत तो पुन्हा खेळत बसला होता. ठरलंय म्हणाला होता, तरी जिभेने दुखरा दात चाचपावा तसा त्याचा चाळा चालू होता.

आता एक गोष्ट सांगते. तो खेळ मी तोपर्यंत धड पाहिलाच नव्हता. त्या काळात रोज संध्याकाळी मी मोरीपाशी त्याच्याकडे पाठ करून भांडी घासत असायची. पण कानांनी मला तो तोंडपाठ होता, शेजाऱ्यांचं भांडण असतं तसा. पोस्टमन चालतो तेव्हा टिक टिक टिक. कुत्रा खर्र करतो. उडीला पिंग, खाली आला की टक. आणि चावला की भोंऽ. हे आवाज टीव्हीतून येत नाहीत, त्या कॉम्प्युटरच्याच पोटातून येतात.

मर्विन म्हणाला, "थेल्मा, इकडे ये. बघ तरी हात किती मंद झालेत. तुला खोटं वाटतंय ना?"

मी पिठाचे हात तसेच वर धरून त्याच्यामागे उभी राहिले. टिक टिक टिक. खर्र. पिंग. टक. भोंऽ.

"पुन्हा," मी म्हणाले.

"मजा वाटतेय का तुला?"

"पुन्हा खेळ."

तो खेळला. मी या वेळी पोस्टमनच्या पायांकडे बघितलं. टक वाजलं, आणि मग त्याचे पाय जमिनीला लागले. मला वाटलं माझाच काहीतरी घोटाळा होतोय. मी त्याला तिसऱ्यांदा खेळायला लावलं. टक. मग पाय.

आमच्या ओट्यासमोरच्या खिडकीतून दरीपलीकडे क्लेमचं शेत दिसतं. तो कुंपणाचे खांब ठोकतो तेव्हा हातोडा खाली आलेला आधी दिसतो आणि आवाज मागून येतो.  दिसतं आधी, ऐकू येतं नंतर. जन्मात कधी मी आवाज आधी आणि हातोडा नंतर असं बघितलं नव्हतं.

"मर्विन," मी म्हणाले, "हा टीव्ही उशीर करतोय."

"काय?"

"आवाज आधी येतो, चित्र मागून येतं. तुला कुत्रा दिसतो तेव्हा तो खरा जवळ येऊन बसलेला असतो."

तो वळला आणि माझ्याकडे बघितलं. आजारी माणसाला बघायला आलेल्या पाहुण्यांकडे आजारी माणूस बघतो ना, तसं. "थेल्मा, तार हातभर लांब आहे. तेवढ्यात कसला उशीर? माझी समजूत काढू नकोस."

"मी कधी तुझी समजूत काढली आहे?"

हे त्याला पटलं, पण बाकीचं पटलं नाही. "नाचता येईना अंगण वाकडं," तो म्हणाला. "चित्र मी स्वतः दुरुस्त केलंय. चित्र चांगलं आहे."

इथे मला त्याची गोम कळली. मनोऱ्यात दोरांच्या मागे भिंतीवर एक जुनी लाकडी पाटी आहे, वाजवणाऱ्यांसाठी नियमांची. टोपी घालून वाजवू नये, शिवी देऊ नये वगैरे. आणि शेवटचा नियम: जो घंटेला दोष देईल त्याने सगळ्यांना सफरचंदाची सायडर पाजावी. घंटा जड आहे, दोर ओला आहे, हवा दमट आहे, असलं काही आमच्याकडे कोणी बोलत नाही. ठोका चुकला तर हात चुकला. पोरं सोळाव्या वर्षी दोर धरतात तेव्हा पहिलं हे शिकतात, आणि मर्विनने ते चाळीस वर्षं पाळलं होतं. गोठ्यातल्या यंत्राचा दोष तो पटकन शोधेल. पण जिथे त्याच्या हाताने वेळ साधायची, तिथे दोष दुसरीकडे शोधायचा असतो हे त्याच्या डोक्यातच येत नव्हतं. मुंग्या गेल्या, रंग आले, तिथे त्याच्या लेखी यंत्राचं काम संपलं आणि त्याचं स्वतःचं सुरू झालं.

बोलून उपयोग नव्हता. मी आत गेले, हात धुतले, खुंटीवरचं भांडी पुसायचं फडकं घेतलं, ते डार्टमूरच्या तट्टांचं चित्र असलेलं, मोठं, आणि टीव्हीवर टाकलं. टीव्ही एवढा अवाढव्य की एक पुरेना. दुसरं आणलं.

"हे काय?"

"आता खेळ."

"न बघता?"

"पूर्वी तू बघत होतास का? तू संध्याकाळचा पेपर मांडीवर ठेवून खेळायचास. माझी पाठ होती तुझ्याकडे, पण तुझं पान उलटल्याचा आवाज यायचा मला."

 तो ती रबराची बटणं चाचपत बसला. मग त्याने खेळ सुरू केला, आणि थोड्या वेळाने आपणहून डोळे मिटले.

टिक टिक टिक. खर्र. पिंग, टक. टिक टिक. खर्र. पिंग, टक. मी खुर्चीची पाठ धरून उभी होते. टिक टिक टिक टिक. तिसरा खर्र. पिंग.

टक.

मर्विन थांबला नाही. चौथा कुत्रा गेला, पाचवा गेला. फडक्यावरची तट्टं उजेडाने लाल-निळी होत होती आणि त्यांच्यामागे पोस्टमन कुठे पोचला होता देव जाणे. शेवटी भोंऽ वाजलं तेव्हा आम्ही दोघंही ते कुत्रं कितवं होतं हे विसरलो होतो. त्याने हात मांडीवर ठेवले, पालथे, आणि त्यांच्याकडे बघत राहिला. मला रडू आलं. ॲप्रनला पीठ असताना त्याने डोळे पुसू नयेत हे मला तेव्हा कळलं; ते सगळं तोंडाला लागलं.

"भूत दिसतेयस," तो म्हणाला.

एड्रियनला पुन्हा फोन केला. तो हसला. "हो डॅड, हे नवे टीव्ही करतात तसं. प्रत्येक चित्र आधी गुळगुळीत करतात, रंग चढवतात, मग दाखवतात. क्षणभरच उशीर होतो. सिनेमा बघताना कळत नाही."

"म्हणजे हा टीव्ही पावडर-टिकली केल्याशिवाय चित्राला बाहेर पाठवत नाही," मी म्हणाले.

"अगदी तसंच, मम. सेटिंगमध्ये खेळासाठी एक पर्याय असतो, तो चालू करा. बराच कमी होईल."

मर्विनने तो पर्याय शोधून चालू केला. उशीर कमी झाला. फडक्याशिवायही तिसरा कुत्रा दोनदा चुकवता आला. पण तो खूश दिसेना. चहा घेताना म्हणाला, "मनोऱ्यातपण मी हल्ली बघतोय."

"म्हणजे?"

"वॉल्टर होता तोवर मी कधी बघत नव्हतो. सातवी वाजली की माझी, असं कानात बसलं होतं. आता त्याच्या जागी टॅमसिन आहे. पोरगी चांगलं वाजवते. पण मी तिच्या हातांकडे बघत राहतो. हात खाली आले की मग ओढतो." त्याने कप खाली ठेवला. "बघून ओढलं की उशीर होतो."

वॉल्टर नॉर्थकॉट गेल्या डिसेंबरमध्ये गेला. तीस वर्षं ते दोघं शेजारी उभे राहिले आणि माझ्या अंदाजाने त्यात शंभर वाक्यंसुद्धा बोलले नसतील. दफनाच्या दिवशी मर्विनने थोरली एकट्याने वाजवली होती, आणि घरी येऊन कुंपणाची फळी बसवायला घेतली होती.

"मग जा आणि क्लेमला सांग," मी म्हणाले.

"काय सांगू?"

"थोरली परत हवी."

"दिलेला दोर मागायचा नसतो गं."

"का?"

"कारण विचारतील. काय कारण देऊ? टीव्ही?"

ते खरंच होतं. त्याला त्या पाटीखाली उभं राहून म्हणायला लागणार होतं की दोष दुसऱ्याचा होता. मला वाटतं, दोर देताना त्याला जेवढं जड गेलं नसेल तेवढं हे जाणार होतं.

संध्याकाळी मी त्याच्याबरोबर गेले. एरवी मी सरावाला जात नाही. चाळीस वर्षं ऐकून झालंय. पण चव बघायला स्कोनचा डबा नेते असं सांगितलं. मनोऱ्यात तळालाच दोर लोंबतात, तिथे भिंतीशी बाक आहे, त्यावर मी डबा मांडीवर घेऊन बसले. टॅमसिन दुधाचा टँकर चालवते, खांदे बैलासारखे, पण उंचीने माझ्याएवढी. थोरलीच्या दोराखाली तिच्यासाठी लाकडी खोका मांडून ठेवला होता. मर्विनने तो खोका बघितला.

क्लेम म्हणाला, "मर्व, तू सातवी घे. सुरू करू या."

मर्विन जागचा हलला नाही. कोट काढला, घडी घातली, बाकावर माझ्याशेजारी ठेवला. मग म्हणाला, "क्लेम, थोरली मला परत पाहिजे."

"काल तर हात गेले म्हणालास."

"नाही गेले."

"रात्रीत परत आले?"

कोणीतरी खाकरलं. मर्विनच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "दोष टीव्हीचा होता," तो म्हणाला.

 मग त्याने सगळं सांगितलं: कॉम्प्युटर, पोस्टमन, तिसरा कुत्रा, मागून येणारं चित्र, फडकं. त्याला गोष्ट सांगता येत नाही, मधलं मधलं गाळून त्याने तारेच्या गंजाबद्दलच जास्त सांगितलं. पण शेवटी तो म्हणाला, "आणि इथे मी वॉल्टर गेल्यापासून ऐकायचं सोडून बघत होतो. ते मात्र माझंच."

क्लेमने बुटांकडे बघितलं नाही. पाटीकडे बघितलं. "वाच रे शेवटचा नियम कोणीतरी."

टॅमसिनने वाचला. सगळे हसले, मर्विनही, कान अजून लालच.

"चाळीस वर्षं वाट बघितली मी याची," क्लेम म्हणाला. "शनिवारी परतताना पाजायची. आठही जणांना."

"टीव्ही म्हणजे घंटा आहे का?" मी बाकावरून म्हणाले.

"थेल्मा, तू स्कोन वाट."

टॅमसिनने पायानेच खोका सरकवत सातवीच्या दोराखाली नेला. "माझे खांदे वाचले," ती म्हणाली. मग दोर हातात घेता घेता, मर्विनकडे न बघता, "आणि माझ्या हातांकडे बघत होतात होय? मला वाटत होतं माझंच काही चुकतंय. सगळा हिवाळा मी घरी दोर बांधून सराव करतेय."

मर्विनचा चेहरा पडला. "तू नव्हतीस गं पोरी," तो म्हणाला. "तू कधीच नव्हतीस."

मग त्याने दोर धरला आणि डोळे मिटले.

शनिवारी ब्रॅकनस्टोला थंड वारा होता. आमच्याकडे पंच मनोऱ्यात येत नाहीत. ते पलीकडे शाळेच्या खोलीत पडदे ओढून बसतात, म्हणजे आत कोण शिरलं ते त्यांना दिसू नये. त्यांनी फक्त ऐकायचं आणि चुका मोजायच्या. मी चर्चच्या भिंतीला टेकून उभी राहिले आणि मीही डोळे मिटले. आपण नाही म्हटलं तरी संसर्ग होतो. धाकटी सुरू झाली, एक, दोन, तीन, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी थोरली.   पहिल्या काही ओळींनंतर मी मोजायचं सोडून दिलं, आणि मग नुसती उभी राहिले.

चहाच्या वेळी सगळ्या गावांचे वाजवणारे हॉलमध्ये कप घेऊन दाटीवाटीने उभे होते. पंचांतला म्हातारा उठला आणि त्याने एकेका संघाच्या चुका सांगायला सुरुवात केली. सगळे तोंडातला घास थांबवून ऐकत होते. आमच्याबद्दल त्याने सांगितलं की धाकटी सुरुवातीला घाई करत होती, तिसरी दोन ठिकाणी दुसरीला चिकटली, पाचवीचं मधे लक्ष गेलं, सहावीला दोर परत ओढताना जरा आळस होता. सातवी एकदा अडखळली. मग त्याने पान उलटलं आणि पुढच्या गावाचं सुरू केलं.

आमचा चौथा नंबर आला. क्लेमने धाकटी वाजवणाऱ्याला अशा शब्दांत समजावलं की पाद्रीसाहेब दुसरीकडे जाऊन उभे राहिले. सायडर झाली, मर्विनने पाजली, टॅमसिनने दोन घेतल्या.

घरी परत जाताना गाडी मी चालवत होते. उंच झुडपांच्या कुंपणांमधून तो अरुंद रस्ता, समोरून ट्रॅक्टर आला की मागे जायचं, पुन्हा पुढे. मर्विन खिडकीतून बाहेर बघत होता.

"तो पंच माझ्याबद्दल काहीच बोलला नाही," तो म्हणाला.

"हो," मी म्हणाले. "ऐकलं मी."